केलं की कळव

१

म्हाताऱ्याची कामं सकाळी नऊच्या आत उरकायची, हा दादाचा नियम. दादा जाऊन चाळीस दिवस झाले, नियम मात्र जागच्या जागी होता. धाकटा उठायचा, चूळ भरायचा आणि चहाच्या आधी दुकानामागच्या खोलीत शिरायचा. मऊ ब्रशनं पंख्याच्या जाळीवरची धूळ झाडायची. लाल पट्टीची डिस्क काढून निळ्या पट्टीची लावायची, दुसऱ्या दिवशी निळी काढून लाल. काढलेली डिस्क आईच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची. मग वाकून दिवा बघायचा. हिरवा असला की झालं.

म्हातारा म्हणजे एक काळा, कंबरेएवढा जुना कॉम्प्युटर. कुठल्याशा ऑफिसनं मोडीत काढलेला. दादानं तो हातगाडीवर घालून आणला तेव्हा वहिनी दारातच म्हणाली होती, "बरं झालं. कोपरा अडवून दिवसभर घरघरायला एक म्हातारा हवाच होता घरात." तेव्हापासून त्याचं तेच नाव पडलं.

भावांचं दुकान मोटारी वाइंडिंगचं. पंख्यांच्या, पंपांच्या, गिरण्यांच्या जळालेल्या मोटारी यायच्या. जुनी तार सोडवायची, मापं घ्यायची, नवी भरायची. या सगळ्याची पत्रं आधी एका फुकटच्या ईमेलवर असायची. एका सकाळी दादानं पासवर्ड टाकला तर दार बंद. का, ते विचारायला तिकडे माणूसच नव्हतं. सहा वर्षांची मापं, गिऱ्हाइकांचे पत्ते, सगळं गेलं. दादा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं म्हातारा आणला आणि घरातच ईमेल मांडली.

मग गल्लीत जो भेटेल त्याला तो धरून सांगायचा. "आपलं टपाल आपल्या घरात. कुणी चोरून वाचणार नाही, मध्येच जाहिराती खुपसणार नाही, जागा संपली म्हणून हाकलणार नाही. हवे ते पत्ते काढा, हवे ते नियम लावा. कुठंही बसा, ब्राउझर उघडा, पासवर्ड टाका, की आपल्याच खोलीत आलात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, इथून काही हरवत नाही. पुसलं म्हटलं तरी कुठंतरी असतंच."

शेजारचे पत्रेवाले काका कानशिलावरची पेन्सिल काढत म्हणायचे, "आणि वीज गेली की रे?"

"बॅटरी आहे."

"आणि तू गेलास की?"

"बारक्या आहे की."

बारक्या म्हणजे धाकटा. सातवीत शाळा सोडलेला, एका बोटानं टाइप करणारा. त्याला तेव्हा हसू आलं होतं.

२

गल्लीतल्या दुकानदारांनीही दादाच्या सांगण्यावरून म्हाताऱ्यावर पत्ते काढले होते, ते त्यांनी महिन्याभरात दुसरीकडे नेले. म्हातारा आता बंद करणार, असं वहिनीनंच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. कुणाला वाईट वाटू नये म्हणून औषधवाले शेवटपर्यंत थांबले आणि मग तेही गेले. म्हाताऱ्याला आता काही काम नव्हतं. घरघर तेवढी चालू होती.

धाकटा दुपारी त्याच खोलीत बसायचा. दुकानात बसलं की लोक येऊन हळहळायचे आणि शेवटी तेच म्हणायचे, "इतका जपून काम करणारा माणूस. एवढी मोठी चूक कशी केली त्यानं?" इथे कुणी येत नव्हतं. पडद्यावर त्यानंच एक फडकं टाकून ठेवलं होतं. त्या दिवसापासून ते काढलं नव्हतं.

हिरव्या दिव्याच्या खाली एक नारिंगी दिवा होता, तिळाएवढा. दादानं शिकवलं होतं, तो एकदा लुकलुकला की पत्र आत आलं, परत लुकलुकला की पत्र बाहेर गेलं.

तीन दिवसांपूर्वी दुपारी तो दिवा लुकलुकला. एकदा. आणि लगेच दुसऱ्यांदा.

असेल कुणी चुकून जुन्या पत्त्यावर पाठवलेलं, त्यानं स्वतःला सांगितलं. भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडे सहज नजर गेली. चार वाजून सतरा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम चारलाच येऊन बसला. चार सतराला दिवा दोनदा लुकलुकला. तिसऱ्या दिवशीही.

आत आलेलं कुणी चुकून पाठवलं असेल, हे एक वेळ मानता येईल. पण बाहेर काय जात होतं? या घरात उत्तर लिहिणारं होतं कोण? वहिनीनं म्हाताऱ्याला कधी हात लावला नव्हता आणि आईला तर फोनही कानाला उलटा लावायची सवय.

त्याला उत्तर माहीत होतं, म्हणून तर फडकं काढायला हात धजत नव्हता.

३

"उद्या सकाळी काका हातगाडी घेऊन येतायत," वहिनी म्हणाली. ती पोळपाटासारख्या एका पाटीवर आईच्या गोळ्या मोजून लावत होती. "म्हाताऱ्याला नेतील. त्यांना त्याचा पत्रा तरी कामाला येईल."

"उद्याच?"

"चाळीस दिवस ऐकतेय मी ती घरघर, भाऊजी. पहाटे जाग आली की वाटतं, हे मागच्या खोलीत बसलेत. मग आठवतं." ती थांबली. "रोज नव्यानं आठवतं. मला नको ते."

धाकट्यानं खाली पडलेली एक गोळी उचलून पाटीवर ठेवली.

"तुम्हाला एक विचारू? यांचा नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तारेला हात लावायचा तर खटका पाडला असं खालून लेखी आल्याशिवाय लावायचा नाही. बरोबर ना?"

"हो."

"काका पत्रा ठोकत असतात, वरचं खाली ऐकू येत नाही, फोनवरही कळत नाही. म्हणून लेखी. मला शंभरदा सांगितलं होतं यांनी. मग त्या दिवशी कसा लावला हात? काल औषधवाल्यांची बायको म्हणाली, घाई केली असेल. हे आणि घाई." वहिनीनं एक गोळी उचलली, परत ठेवली. "लोक त्यांना निष्काळजी म्हणतात ना, ते मला त्यांच्या जाण्यापेक्षा जास्त लागतं."

आतून आईनं विचारलं, "कोण निष्काळजी?"

"कुणी नाही आई, मांजर," वहिनी म्हणाली.

धाकटा उठला. म्हातारा गेला की पडद्याआडचं सगळं त्याच्याबरोबर जाईल, कुणालाच कधी कळणार नाही, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला क्षणभर हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची त्याला इतकी किळस आली की तो सरळ मागच्या खोलीत गेला आणि फडकं ओढून काढलं.

४

काय झालं होतं ते असं.

दादाला हाक मारायची सवय नव्हती, पत्र लिहायची होती. एकाच घरात राहून तो दिवसाला पंधरा-वीस पत्रं पाठवायचा. 'पंख्याची धूळ काढ. केलं की कळव.' 'डिस्क बदल. केलं की कळव.' 'पंपाच्या मोटारीला वार्निश दे. केलं की कळव.' कळवलं नाही की दहा मिनिटांनी परत तेच. धाकट्याच्या खिशातला फोन दिवसभर थरथरत असायचा. चौकातली पोरं विचारायची, "काय रे, बायको केलीस की काय?"

एकदा दादानंच दाखवलं होतं की दुकान बंद असलं की म्हाताऱ्याला आपोआप उत्तर द्यायला कसं सांगायचं. 'आज दुकान बंद आहे, उद्या या.' आपली ईमेल, आपले नियम. धाकटा शाळेत कधी इतकं लक्ष देऊन शिकला नसेल. एका दुपारी वैतागाच्या भरात त्यानं एका बोटानं म्हाताऱ्याला नियम सांगितला. दादाचं पत्र आलं की ते न दाखवता एका कप्प्यात टाक, आणि त्याला उत्तर दे, 'केलं.'

फोन गप्प झाला. कामं तो करायचा, अगदीच करत नव्हता असं नाही. सवडीनं करायचा. 'केलं' आधी जायचं, काम मागून व्हायचं. दादा तर खूश झाला. जेवताना म्हणाला, "आमचा बारक्या सुधारला बरं का. शब्द निघायच्या आत काम झालेलं असतं."

अकरा दिवस हे सुरळीत चाललं.

बाराव्या दिवशी दादा छतावर गेला. दुकानाच्या पाटीचे दिवे आणि ईमेल फोनपर्यंत पोचवणारी डबी, दोन्हींची तार वरून गेली होती, ती कुठंतरी उघडी पडली होती. धाकटा चौकात एका मित्राच्या बंद गाडीला धक्का मारत होता. हसत होता.

तो परतला तेव्हा गल्लीत माणसं जमली होती. तो शिडीवरून सगळ्यांच्या आधी वर चढला. दादाशेजारी फोन पडला होता. पडद्यावर धाकट्याच्या नावावर एकच शब्द होता, 'केलं', आणि वेळ चार सतरा. त्यानं तो शब्द तिथल्या तिथे पुसला. नंतर दादाच्या हातांकडे बघितलं.

५

पडदा उजळायला वेळ लागला. 'पाठवलेली' हा कप्पा त्यानं उघडला आणि बोट टेकवून मोजायला लागला.

केलं. केलं. केलं. प्रत्येकासमोर चार सतरा. प्रत्येकाची तारीख वेगळी, एकही दिवस गाळलेला नाही. त्या दिवसाचं धरून एक्केचाळीस.

धाकटा शिकलेला नसला तरी खुळा नव्हता. त्यानं एकेक शक्यता तपासली. दादाचं एकच पत्र कुठंतरी अडकलं असेल आणि रोज नव्यानं येत असेल. किंवा दादाचा फोन अजून चालू असेल. तो वहिनीच्या कपाटाशी गेला. फोन रुमालात गुंडाळलेला होता, काच तडकलेली, बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं. हा फोन काही पाठवणार नव्हता.

दादानं म्हाताऱ्याला एक हजेरीपट ठेवायला लावला होता. कुठलं पत्र घरातल्या कुठल्या डबीतून आलं, त्याची नोंद. डब्यांना दादानंच साधी नावं दिली होती. दुकान. स्वयंपाकघर. छत.

त्यानं हजेरीपट उघडला. त्या दिवसानंतरच्या चाळीस ओळींच्या शेवटी एकच शब्द होता. छत.

छतावरची डबी टेबलाखाली पोत्यात होती. त्यानं पोतं ओढलं, आत हात घातला. प्लॅस्टिक वितळून मेणासारखं ओघळून थिजलेलं, वायर तोडलेली. पोत्याला अजून वास होता. त्यानं हात पँटला पुसला, मग पुन्हा पुसला.

शेजारी काका पत्रा ठोकत होते, ठण ठण ठण, रोजच्यासारखे. त्या आवाजाचा त्याला मोठा आधार वाटला. साडेतीन वाजले होते.

६

दादाच्या पत्रांचा कप्पा ठळक अक्षरांनी भरलेला होता. न वाचलेली पत्रं ठळक, वाचलेली बारीक, एवढं त्याला कळायचं. त्यानं त्या दिवसाचं उघडलं.

'वरच्या लाइनचा खटका पाड. पाडलास की कळव. कळवल्याशिवाय हात लावत नाही.'

त्यानं ते अक्षर अक्षर लावत वाचलं आणि कपाळ टेबलाला टेकवलं. बऱ्याच वेळानं डोकं वर करून पुढचं उघडलं. तेच शब्द. त्याच्या पुढचं तेच. आठ दिवस तेच. तर अडकलेलंच पत्र आहे हे, यंत्राचा घोटाळा, त्याला जवळजवळ रडू आलं, बरं वाटून.

नवव्या दिवशी शेवटी दोन शब्द जास्त होते. 'पाडलास ना?'

पंधराव्या दिवशी, 'काल पाडला नव्हतास.'

तो खुर्चीत मागे सरकला. खुर्ची करकरली. त्यानं पुढचं उघडायचं नाही असं ठरवलं आणि उघडलं.

'बारक्या, नीट बघ. पेटीतला डावीकडून तिसरा.'

'हाताला आता काही कळत नाही.'

'इथे काकांचा आवाज येत नाही. कुणाचाच येत नाही.'

आणि कालचं. 'या वेळी खरंच पाड. तू लेखी दिलंस की मला हात लावावा लागतो.'

त्याच्या मागे कुणीतरी श्वास घेतला. वहिनी उभी होती, पाण्याचा पेला हातात. कधी आली कोण जाणे. ती पडद्याकडे बघत होती आणि तिचे ओठ वाचल्यासारखे हलत होते.

"ही 'केलं' कुणी पाठवली?" तिनं विचारलं.

"म्हाताऱ्यानं."

"म्हाताऱ्याला कुणी सांगितलं?"

"मी." आणि मग त्याला थांबवता येईना. "मी सांगितलं, वहिनी. तो सारखा पत्रं पाठवायचा. मला कंटाळा आला होता. त्या दिवशी मी चौकात होतो. दादानं चूक नाही केली. त्याला लेखी आलं होतं."

वहिनीनं पेला टेबलावर ठेवला. तो सांडू नये म्हणून तिनं फार काळजी घेतली. मग ती भिंतीजवळच्या स्टुलावर बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून घड्याळाकडे बघत राहिली. ती मारेल, ओरडेल, घराबाहेर काढेल, यातलं काहीही चाललं असतं. ते घड्याळाकडे बघणं त्याला सहन होईना.

"काहीतरी बोल ना."

"चार वाजले," ती म्हणाली.

"काय?"

"ते चार सतराला लिहितात ना? मग आज त्यांना खरं लिहा."

७

जिन्याखालच्या पेटीतला डावीकडून तिसरा खटका खालीच होता. त्या दिवसापासून खाली होता, वर लाल पट्टी चिकटवलेली. धाकट्यानं तो तरीही जाऊन बघितला, बोटानं दाबून बघितला. म्हणजे इथला खटका तिथपर्यंत पोचत नव्हता. तिथे पोचत होता तो फक्त शब्द.

परत येऊन त्यानं नियम शोधला आणि पुसला. म्हाताऱ्यानं विचारलं, नक्की? त्यानं नक्की वर बोट दाबलं. नियमांच्या यादीत काही उरलं नाही. वहिनीनंही वाकून बघितलं.

"गेला?"

"गेला."

दोघं घड्याळाकडे बघत बसले. काका ठोकत होते. आतल्या खोलीत आई झोपेत काहीतरी पुटपुटली. चार सोळा. काटा हलायला इतका वेळ घेतो, हे धाकट्याला तोवर माहीत नव्हतं.

नारिंगी दिवा लुकलुकला. एकदाच.

पडद्यावर ठळक ओळ उमटली. 'खटका पाड. पाडलास की कळव.'

धाकटा टाइप करायला लागला. एका बोटानं. न. मग भलतंच काहीतरी. पुसलं. त्याला वाटलं, त्या दिवशी दादाला उत्तर पापणी लवायच्या आत मिळालं होतं. आज तो वर उभा आहे, हातात पक्कड, आणि वाट बघतोय. किती वेळ बघेल?

दिवा लुकलुकला. 'बारक्या?'

"लवकर," वहिनी म्हणाली. तिचा हात त्याच्या खांद्यावर होता आणि बोटं रुतत होती.

'नाही केलं. मी खोटं बोललो. हात लावू नको.'

पाठवलं. दिवा लुकलुकला, बाहेर.

मग काहीच झालं नाही. म्हातारा घरघरत होता. चार सतरा. चार अठरा. चाळीस दिवसांत पहिल्यांदा घड्याळ चार सतराच्या पुढे गेल्यासारखं धाकट्याला वाटलं, आणि छातीवरचं काहीतरी हललं.

दिवा लुकलुकला, आत.

'बरं. मग खाली येतो.'

वहिनीच्या तोंडून हसू आलं की हुंदका, ते त्याला कळलं नाही.

८

काकांची ठोकाठोक थांबली. पत्र्यावर घाव अर्धाच पडल्यासारखा मध्येच थांबला.

मग मागच्या भिंतीवर लोखंड वाजलं.

मागच्या भिंतीला छताची लोखंडी शिडी होती. होती म्हणजे त्या दिवसापर्यंत. वहिनीला ती डोळ्यांसमोर नको होती, म्हणून काकांनी कटरनं कापून नेली आणि तिचे पाट्यांसाठी तुकडे केले. भिंतीत चार भोकं तेवढी राहिली होती.

ठण. थोडं थांबून, ठण. माणूस तोंड भिंतीकडे करून उतरतो तसं, एकेक पायरी चाचपत. धाकटा लहानपणापासून हा आवाज ओळखत होता. बारा पायऱ्या, आणि वरून सहावी ढिली. तिच्यावर दादाचा पाय पडला की ती कुरकुरायची आणि दादा दर वेळी म्हणायचा, हिला एकदा डाग दिला पाहिजे.

तीन. चार. पाच. सहावी कुरकुरली.

"थोरला उतरतोय का रे?" आतून आईनं विचारलं. आवाज अगदी जागा होता. "दार उघड त्याला. कडी आतून आहे."

वहिनी उठली. तिच्या चेहऱ्यावर चाळीस दिवसांपूर्वीचं काहीतरी परत आलं होतं, आणि ती खोलीच्या मागच्या दाराकडे निघाली. धाकटाही अर्धा उठला होता. तेवढ्यात त्याच्या मनात एक साधा हिशेब आला, आणि तो उठता उठता तिथेच राहिला.

आज दादानं तारेला हात लावला नाही, हे खरं. पण काल लावला होता, परवाही. खाली येतोय तो कोण? चार सोळाचा दादा, हातात पक्कड घेतलेला? की एक्केचाळीस वेळा लेखी मिळालं म्हणून एक्केचाळीस वेळा हात लावलेला?

"वहिनी, थांब."

"का?"

"थांब जरा."

ती थांबली. त्याच्या सांगण्यानं नाही. दाराच्या फटीतून वास आला होता. जळलेल्या मोटारीचा वास दोघांच्या रोजच्या ओळखीचा, करपलेल्या वार्निशचा. हा तसा होता, आणि त्यात आणखी काहीतरी होतं. त्या दिवशी छतावर होतं ते. वहिनी एक पाऊल मागे आली, मग आणखी एक, आणि तिनं धाकट्याचा दंड धरला.

बारावी पायरी वाजली. मग फरशीवर पावलं. एका पायात चप्पल, फट. दुसऱ्यात नव्हती. दुसरी चप्पल त्या दिवशी छतावर राहिली होती, ती वहिनीनं धुऊन कपाटात ठेवली होती.

पावलं दाराशी आली. दाराखालच्या बोटभर फटीतून उजेड यायचा, तो दोन ठिकाणी अडला. डावीकडे चपलेची कड दिसत होती. उजवीकडे अनवाणी पायाची बोटं दिसत होती. ती बोटं बघून धाकट्यानं मान वळवली.

दार वाजलं नाही. दादा दार वाजवत नसे, हाकही मारत नसे.

नारिंगी दिवा लुकलुकला.

'मागच्या दाराची कडी काढ. काढलीस की कळव.'

धाकट्यानं दोन्ही हात वर उचलले, छातीपर्यंत, म्हाताऱ्यापासून दूर. वहिनीचे दोन्ही हात त्याच्या दंडावर होते. आई पलंगावर होती. त्यानं हे सगळं बघून घेतलं. कुणाचंही बोट कशालाही लागलेलं नव्हतं.

दिवा दुसऱ्यांदा लुकलुकला, बाहेर.

'पाठवलेली' या कप्प्यात सगळ्यात वर एक नवी ओळ आली होती. केलं.

"तुम्ही पुसलं होतं ना?" वहिनीनं इतक्या हळू विचारलं की शब्द ओठांवरच राहिले.

दाराची कडी अजून लागलेली होती. दोघंही तिच्याकडे बघत होते. मग ती कुणाच्याही हाताशिवाय आपल्या जागेवरून सरकायला लागली, हळूहळू, अडखळत, 'केलं' म्हणून आधीच सांगून टाकलेलं काम कुणी सवडीनं उरकावं तशी.